चेहऱ्याला काय लावता? अकोल्यातील एका क्रीमचे प्रकरण

अकोल्यातल्या एका घरात २०२२ च्या सुरुवातीला चेहऱ्याला लावायचे एक क्रीम आले. घरातल्या तरुण मुलीने ते शहरातल्याच एका ब्युटिशियनकडून घेतले होते. थोड्याच दिवसांत तिचा रंग उजळला आणि भेटणाऱ्यांच्या ते लक्षात येऊ लागले. आपल्याकडे अशा वेळी एक प्रश्न ठरलेला असतो: ‘काय लावतेस गं हल्ली?’ घरातल्यांना उत्तर ठाऊकच होते. आईने तेच क्रीम लावायला सुरुवात केली, मोठ्या बहिणीनेही केली. वर्ष संपेपर्यंत तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झालेली होती.

अकोल्यातल्या डॉक्टरांनी परळच्या केईएम रुग्णालयातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांशी संपर्क साधला, तपास मुंबईपर्यंत पोहोचला आणि मार्च २०२३ मध्ये बातमी वर्तमानपत्रांत आली. दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. मला मात्र हे प्रकरण सोडवत नाही. भेसळीच्या किंवा फसवणुकीच्या इतर प्रकरणांत माल वाईट निघतो, गुण येत नाही, मग गिऱ्हाईक तक्रार करते. इथे गुण आला होता. क्रीमने जे कबूल केले होते ते करून दाखवले, आणि ज्या पदार्थाने रंग उजळला त्याच पदार्थाने मूत्रपिंड बिघडवले. वापरणाऱ्या बाईला संशय यावा तरी कुठून? तिला तर रोज आरशात खात्री पटत होती.

एका घरात तिघी

तिघींचे निदान एकाच जातीचे होते: ग्लोमेरुलोनेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्यांचा दाह. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सूक्ष्म गाळण्या सुमारे १० लाख असतात. रक्तातला कचरा आणि जादा पाणी बाहेर टाकायचे, पण प्रथिने आत राखायची, हे त्यांचे काम. गाळणीचा पडदा बिघडला की प्रथिने लघवीवाटे निघून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, संध्याकाळी पायांवर चढते, चपलेचे पट्टे रुततात. दुखत काहीच नाही, म्हणून दिवस निघून जातात. सुजेने चेहरा भरलेला दिसतो, तर ‘तब्येत सुधारली’ असेही कोणी म्हणून जाते.

अकोला, बुलढाणा, अमरावती या भागातल्या माणसाला किडनीचा आजार म्हटले की आधी पाणी आठवते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, तिथले खारट भूजल आणि गावोगावचे किडनीचे रुग्ण हा तिकडचा जुना आणि खरा विषय आहे. पण दोष पाण्याचाच असता, तर शेजारच्या घरांतही तेच दिसायला हवे होते. आजार घराण्यातून आलेला म्हणावा, तर आई आणि दोन मुली, वयात इतके अंतर असताना, एकाच वर्षाच्या काही महिन्यांत कशा आजारी पडल्या? अशा वेळी वैद्यकाला आजारी माणसांना बाजूला ठेवून घराकडे पाहावे लागते. या तिघींच्या अंगात असे काय गेले, जे बाकीच्यांच्या गेले नाही?

मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, वेदनाशामक गोळ्या घेता का, कुणाकडून पुड्या-काढे आणता का, एवढे प्रश्न मूत्रपिंडाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज विचारले जातात. चेहऱ्याला काय लावता, हा प्रश्न त्या यादीत सहसा नसतो. रुग्णही आपणहून सांगत नाही, कारण क्रीम म्हणजे औषध नव्हे. ते पोटात जात नाही, मग त्याचा किडनीशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. अकोल्यातल्या कुटुंबाच्या बाबतीत तो संबंध जोडला गेला. घरातले मेकअपचे सामान तपासायला पाठवले गेले. केईएममधल्या आयुर्वेद प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि बोट त्या क्रीमवर आले. त्यात पारा होता, तोही कायद्याने चालवून घेतलेल्या मर्यादेच्या हजारो पट. बातम्यांमध्ये दिलेल्या आकड्यांनुसार रक्तातली पाऱ्याची पातळी ४६ होती. सामान्य माणसात ती ७ च्या आत असते.

पारा रंग कसा उतरवतो

त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार करण्याच्या साखळीतली पहिली महत्त्वाची पायरी टायरोसिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हातात असते, आणि त्या विकराला काम करायला तांब्याचे अणू लागतात. पारा तिथे घुसतो आणि विकराचे काम अडवतो. मेलॅनिन कमी बनते. जुनी त्वचा झडून नवी वर येते ती फिकट असते. काही आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो.

पाऱ्याचे क्षार स्वस्त असतात आणि परिणाम पटकन दिसतो, म्हणून बेकायदा माल बनवणाऱ्याला दुसरे काही सुचत नाही. कॅलोमेल म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, किंवा अमोनिएटेड मर्क्युरी, हे यातले नेहमीचे पदार्थ. आपल्याकडे रसकापूर ज्याला म्हणतात तो याच कुळातला. पारा विषारी आहे हे आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते असे कुणी समजू नये. आयुर्वेदातल्या रसशास्त्राचे ग्रंथ त्याच्या शोधनाबद्दल, म्हणजे तो शुद्ध करण्याबद्दल, पानेच्या पाने लिहितात.

त्वचेवर लावलेला पारा त्वचेवर थांबत नाही. तो केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींतून आत शिरतो, काही भाग वाफ होऊन श्वासातून जातो. रक्तातून तो जिथे सर्वांत जास्त साठतो ते ठिकाण म्हणजे मूत्रपिंड. तिथे तो नलिकांच्या पेशींना थेट इजा करतो. दुसरी इजा अधिक गुंतागुंतीची आहे. पाऱ्यामुळे काही जणांची प्रतिकारशक्ती बिथरते आणि शरीर स्वतःच्याच गाळण्यांवर हल्ला करते. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नावाचा आजार होतो तो असा. बायोप्सीत, म्हणजे मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, गाळणीचा पडदा जाड झालेला दिसतो आणि त्यावर प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) थर बसलेले असतात.

हे सगळ्यांना होते असे नाही. तेच क्रीम लावणाऱ्या दहा जणींपैकी कुणाला काहीच होत नाही, कुणाच्या अंगावर पुरळ उठते, कुणाला झोप लागत नाही, हातपाय थरथरतात, चिडचिड होते. त्यामुळे ‘मी दोन वर्षे लावते आहे, मला काही झाले नाही’ हे वाक्य खरे असू शकते आणि तरी शेजारणीसाठी निरुपयोगी असते.

आकड्यांत पाहिले की गोष्ट नीट कळते. भारतात सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत आलेला असेल तर तो दहा लाख भागांत १ भाग, म्हणजे किलोला १ मिलिग्रॅम, एवढाच चालतो. (डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून ७० भागांपर्यंत सूट आहे.) २० ग्रॅमची डबी धरा. नियमात बसणाऱ्या डबीत जास्तीत जास्त ०.०२ मिलिग्रॅम पारा असेल. आता त्याच डबीत १ टक्का पारा घातला, तर ते प्रमाण होते दहा लाखांत १०,००० भाग आणि डबीत भरतो २०० मिलिग्रॅम पारा. हजारो पट म्हणजे काय, ते हे. आणि एक डबी संपली की दुसरी येते, कारण थांबले की रंग परततो. मग वापरणारी बाई ते थांबवायला तयार होत नाही. बराच काळ वापरले तर पाऱ्याचाच करडा डाग त्वचेच्या घड्यांत बसू शकतो, तो वेगळाच.

ही गोष्ट अकोल्यापुरती नाही

अकोल्याची बातमी आली त्याच सुमारास केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलमध्ये दोन मूत्रपिंडतज्ज्ञ असेच कोडे सोडवत होते. त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे रुग्ण येत होते, पण बायोप्सीत एक विशेष खूण दिसत होती: नेल-१ नावाचे प्रथिन. या जातीचा आजार एरवी विरळा, आणि मोठ्या माणसांत दिसला तर डॉक्टर आधी कुठे कर्करोग लपला आहे का ते शोधतात. इथे रुग्ण तरुण होते, त्यांत शाळकरी मुलगीही होती. त्यांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या २२ रुग्णांची नोंद काढली. त्यांपैकी १५ जणांत नेल-१ सापडले आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे होण्याचे क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार उतरला. एकाच्या मेंदूतल्या शिरेत मात्र रक्ताची गुठळी झाली. लघवीवाटे प्रथिने गेली की रक्त गोठण्याचा तोलही जातो, म्हणून या आजारात हा धोका असतोच.

त्याआधी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही नेल-१ चा असाच धागा दाखवला होता. तिथे रुग्ण पारंपरिक औषधे घेत होते, आणि त्या औषधांत पारा सापडला होता. पुढे २०२४ मध्ये नवी मुंबईतही असे रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी वापरलेले क्रीम ‘हर्बल’ म्हणून विकले गेले होते. ‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘साइड इफेक्ट नाही’ हे शब्द डबीवर छापायला पारा काढून टाकावा लागत नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद याहून खूप जुनी आहे. नैरोबीतल्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले की नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीवाटे प्रथिने जाऊन अंगाला सूज येणारा मूत्रपिंडाचा विकार) झालेल्या ६० प्रौढ रुग्णांपैकी ५३ टक्के जण त्वचा उजळण्याची क्रीमे वापरत होते. त्या क्रीमांत पाऱ्याचा क्षार ५ ते १० टक्के होता. म्हणजे अकोल्यातल्या त्या घरात क्रीम आले, त्याच्या बरोबर ५० वर्षे आधी वैद्यकाला हा संबंध माहीत झालेला होता. माहिती विसरली गेली असेही नाही. ती पाठ्यपुस्तकात राहिली, जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रकांत राहिली. पार्लरच्या खुर्चीपर्यंत ती पोहोचली नाही.

डबीवर काय नव्हते

कायद्याच्या बाजूने पाहिले तर भारत मोकळा नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्या करारातही सौंदर्यप्रसाधनांसाठी तीच १ भागाची मर्यादा होती. २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत ती सूटही काढून टाकायचे ठरले आणि पारा घातलेली सगळी प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायचे ठरले.

नियमाने डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचे ती तारीख आणि घटकांची यादी हवी. माल परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक आणि इथल्या जबाबदार कंपनीचा पत्ता हवा. कोट्टक्कलच्या रुग्णांनी आणलेल्या क्रीमांवर ही माहिती नव्हती. अशा मालाचा उगम शोधायला जावे तर धागा विक्रेत्यापाशी तुटतो.

आणि विक्रेत्यापाशीच कायद्याची मोठी फट आहे. सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. औषधाच्या दुकानाला फार्मासिस्ट लागतो, नोंदवही लागते. क्रीम मात्र पार्लरमध्ये, बांगड्यांच्या दुकानात, आठवडी बाजारात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीही विकू शकते. नियमबाह्य माल विकणे हा गुन्हा आहे हे खरे, पण कोण काय विकते याची नोंदच नसेल तर निरीक्षकाने जायचे कुठे? केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ पासून ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावाने दुकानांवर छापे घालायला सुरुवात केली. पुढच्या एका टप्प्यात लिपस्टिक आणि फेस क्रीमच्या नमुन्यांत मर्यादेच्या १२,००० पट पारा आढळल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. महाराष्ट्रात अशी सलग, नाव घेऊन ओळखता येईल अशी मोहीम हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. अकोल्यातला प्रकार केरळच्या मोहिमेआधीचा आहे, हे विसरू नये.

नामांकित कंपन्यांचा माल म्हणजे सगळे ठीक, असा याचा अर्थ नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये ३२ फेअरनेस क्रीमे तपासली, तेव्हा १४ क्रीमांत पारा सापडला होता. प्रमाण मात्र दहा लाखांत ०.१० ते १.९७ भाग एवढे होते. तो दोषच आहे, पण अकोल्याच्या क्रीमशी त्याची बरोबरी करता येणार नाही. दोन्ही एकाच दमात सांगितले की लोक ‘सगळ्यातच विष आहे’ म्हणतात आणि खांदे उडवतात.

पार्लरमध्ये मिळणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा नसला तरी स्टेरॉइड असू शकते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टेरॉइड अशी तिहेरी मिश्रणे औषधाच्या दुकानातही चिठ्ठीविना सर्रास मिळत असत. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची बरीच क्रीमे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायची असा नियम केला. त्वचा पातळ होणे, लालबुंद होणे, तोंडावर लव उगवणे हे त्यांचे नुकसान. ती एक स्वतंत्र कथा आहे.

दोष कुणाचा

बातमी वाचून ‘गोरे व्हायची एवढी काय हौस’ असे म्हणणारे मी ऐकले आहेत. त्या वाक्याची मला चीड येते. सावळी मुलगी जन्मली की बारशापासून तिच्या रंगावर बोलणारे घर, हळदी-डाळीच्या पिठाचे सल्ले, ‘गोरी, सडपातळ’ अशी अट घालणारी स्थळे, फोटो उजळ करून पाठवणारे मामा, हे सगळे आपण उभे केले आहे. त्या अकोल्याच्या घरातल्या तिघींनी एका ओळखीच्या बाईवर विश्वास ठेवला आणि जे दिसत होते त्यावर विश्वास ठेवला. यात वेडेपणा कुठे आहे? विकणाऱ्या ब्युटिशियनलाही डबीत काय आहे हे ठाऊक असेलच असे नाही. अशा बायका तेच क्रीम स्वतःलाही लावतात. ज्याने पारा घातला त्याला मात्र नक्की ठाऊक होते, आणि त्याचे नाव कुठेच येत नाही.

उपचाराच्या बाजूने एक दिलासा आहे. वेळेत ओळखले तर यातले बरेच रुग्ण सुधारतात. पहिली पायरी म्हणजे क्रीम बंद. पुढे लघवीतली प्रथिने कमी करणारी रक्तदाबाची औषधे, सुजेसाठी लघवी वाढवणारी औषधे, गरज पडल्यास शरीरातला पारा बांधून बाहेर काढणारी औषधे. काहींना स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे द्यावी लागतात, आणि इथेच कारण कळण्याचे मोल दिसते. क्रीमचा पत्ता लागला नाही तर रुग्णाला महिनोन्‌महिने जड औषधे मिळत राहतील आणि रात्री झोपताना ती पुन्हा तेच क्रीम लावील.

घरातल्या इतरांकडेही पाहावे लागते. पारा उशीच्या अभ्र्याला, टॉवेलला लागतो, खोलीत वाफेने पसरतो. कॅलिफोर्नियातल्या घरांमध्ये असे क्रीम न लावणाऱ्या माणसांच्या आणि मुलांच्या लघवीतही पारा सापडल्याची नोंद आहे. आईच्या गालाला गाल लावून झोपणारे बाळ त्या घरात असेल, तर त्याचीही तपासणी हवी.

घरी ओळखायची एक खूण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. ‘सोने, चांदी, ॲल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नका’ अशी सूचना डबीवर असेल तर संशय घ्या. पारा सोन्यात मिसळतो, अंगठी पांढरी पडते, म्हणून बनवणारा आधीच सावध करतो. आपल्या किडनीबद्दल तो काही छापत नाही. घटकांच्या यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस, कॅलोमेल यांपैकी एकही शब्द दिसला तर ती डबी वापरायची नाही. यादीच नसेल तरीही नाही.

आणि अशी डबी घरात असेल तर रागाने कचऱ्यात टाकू नका, मोरीत धुऊही नका. झाकण घट्ट लावा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. लघवीला फेस येत असेल, अंगावर सूज असेल तर ती डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारले नाही तरी सांगा. १९४० च्या कायद्याचे कलम २६ फार कमी लोकांना माहीत आहे. विकत घेतलेले औषध किंवा सौंदर्यप्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवण्याचा हक्क ते कलम कोणाही खरेदीदाराला देते. डबी जपून ठेवली असेल तरच त्या हक्काचा उपयोग आहे. अकोल्यातही क्रीमपर्यंत पोहोचता आले ते तपासायला सामान हाताशी होते म्हणून.